संकेतस्थळ चालू आहे, पण कोणासाठी?

सकाळी आठला नोंदणी सुरू होते आणि सव्वाआठपर्यंत त्या दिवसाचे नंबर संपतात. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागाचा हा रोजचा क्रम. माझी आत्या म्हसळ्याच्या बाजारपेठेपासून काही किलोमीटर आत, एका वाडीत राहते. गेल्या पावसाळ्यात तिची तपासणीची वेळ जवळ आली, तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी मोबाइल हातात घेतले. मी दादरला, ती घराच्या पडवीत. बरोबर आठ वाजता दोघांनी तेच पान उघडलं. माझ्याकडे चार-पाच सेकंदांत अर्ज समोर आला. तिच्याकडे पांढरा पडदा आणि मधोमध फिरणारं चक्र. सुनेच्या फोनवरून ती मला विचारत होती, ‘तुझं उघडलं का रे? माझं नुसतं फिरतंय.’

शेवटी तिचा अर्ज मीच भरला. पण ओटीपी तिच्या फोनवर जाणार होता. तो आला तेव्हा त्याची मुदत संपलेली होती. दुसरा मागवला, तोवर नंबर संपले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती पहाटेच्या एसटीत बसली आणि मुंबईला येऊन रांगेत उभी राहिली. मी रुग्णालयाच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, तेव्हा पलीकडून नम्रपणे उत्तर आलं, ‘सर, आमचं संकेतस्थळ व्यवस्थित चालू आहे.’

तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या संगणकावर ते चालूच होतं, माझ्याही फोनवर चालू होतं. एकच संकेतस्थळ एकाच क्षणी एकाला झटपट आणि दुसऱ्याला रखडत का उघडतं, हे म्हणूनच समजून घ्यायला हवं. आता रुग्णालयाचा नंबर, शिधापत्रिका, पीक पाहणी, शिष्यवृत्ती असं सगळं त्या फिरणाऱ्या चक्रापलीकडे गेलेलं आहे.

आपल्याकडे यावर तीन तयार उत्तरं असतात: ‘रेंज नाही’, ‘फोन जुना आहे’ किंवा ‘सर्व्हर डाउन आहे’. ‘ताप आहे’ म्हटल्याने जसं रोगाचं निदान होत नाही, तसंच हे. ताप मलेरियाचा, डेंग्यूचा की लेप्टोचा, हे शोधावं लागतं. संथ पानाचंही तसंच आहे.

सुरुवात प्रवासापासून करू. आपण पत्ता टाकतो आणि पान येतं, असं वाटतं. प्रत्यक्षात पान येण्याआधी बऱ्याच फेऱ्या होतात. पहिली फेरी नावावरून सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता विचारण्याची. दुसरी त्या सर्व्हरशी ‘ऐकू येतंय का?’ असा संपर्क जुळवण्याची. तिसरी, कधी चौथीही, आपलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून कुलूप-किल्लीची देवाणघेवाण करण्याची. त्यानंतर आपली खरी मागणी जाते. पानावर नकाशा, जाहिरात, अक्षरांचे साचे, भेटी मोजणारी यंत्रणा अशा बाहेरच्या ठिकाणांहून येणाऱ्या गोष्टी असतील, तर त्या प्रत्येक ठिकाणासाठी या फेऱ्या पुन्हा.

आता अंतर पाहा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई आणि म्हसळा यांमधलं अंतर त्याच्या हिशेबात काहीच नाही. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही वेळ लागत नाही. पण सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर साडेबारा हजार किलोमीटर जाऊन परत येण्यात किमान १२५ मिलिसेकंद जातात. समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत थांबे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. पाच फेऱ्या झाल्या की एक सेकंद संपला, आणि पडद्यावर अजून एक अक्षर उमटलेलं नाही.

जाहिरातीत जो ‘स्पीड’ सांगतात, त्याचा या फेऱ्यांशी फारसा संबंध नसतो. तो स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी. रस्ता चौपदरी केला म्हणून घाटातली वळणं कमी होत नाहीत. एका खेपेत किती माल जाईल हे रुंदीवर ठरतं. एक खेप किती वेळात होईल हे वळणांवर आणि अंतरावर ठरतं. बातम्या आणि अर्ज यांसारख्या पानांना छोट्या छोट्या अनेक खेपा लागतात. म्हणूनच ‘स्पीड टेस्ट’ छान आकडा दाखवते आणि अर्ज मात्र उघडत नाही. ती चाचणी बहुधा जवळातला जवळ सर्व्हर निवडते आणि एकाच मोठ्या खेपेचं मोजमाप करते.

म्हसळ्यात त्यात आणखी काय काय मिसळतं, ते पाहा. इथले बहुतेक लोक नेट मोबाइलवरच वापरतात, म्हणजे पहिला टप्पा हवेतून. भोवती डोंगर, मधे दऱ्या, वाड्या विखुरलेल्या. मोबाइलच्या लहरींत ७००-९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी माल जास्त वाहतात, पण लवकर थकतात. जांभ्या दगडाची जाड भिंत आणि वर पत्रा असेल, तर घरात आणि अंगणात दोन वेगळी नेटवर्कं असल्यासारखं वाटतं. आत्या पडवीच्या एका विशिष्ट खांबापाशीच का उभी राहते, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. एकाच गल्लीतल्या दोन घरांचे अनुभव वेगळे असतात, कारण त्यांच्या कंपन्या वेगळ्या, टॉवर वेगळे, टॉवरकडे पाहणाऱ्या भिंती वेगळ्या.

बरं, रेंजच्या दांड्या पूर्ण दिसल्या तरी पान उघडेल याची हमी नाही. दांड्या टॉवरचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो एवढंच सांगतात. त्या टॉवरपाशी किती जण रांगेत आहेत हे सांगत नाहीत. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची शनिवारी-रविवारी या भागात गर्दी होते, तेव्हा टॉवर तोच राहतो आणि वाटेकरी वाढतात. शिवाय टॉवरपासून पुढचा प्रवास कसा होतो, हाही प्रश्न आहे. जमिनीखालून फायबर असेल तर उत्तम. अनेक ठिकाणी एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरकडे सूक्ष्मलहरींचा दुवा असतो आणि साधारण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना मुसळधार पाऊस शोषून घेतो. कोकणातला जुलै म्हणजे त्या दुव्याची परीक्षाच. वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर जातो आणि तेही संपतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड परिसरात वीज आणि फोन दोन्ही गेले. मुंबईतल्या चाकरमान्यांना आईवडील सुखरूप आहेत एवढं कळायलाही कित्येक दिवस लागले.

कमकुवत दुव्यावर आणखी एक गोष्ट घडते, जी बाहेरून दिसत नाही. सर्व्हर सगळं पान एकदम पाठवत नाही. नव्या गिऱ्हाइकाला बेताने उधार देणाऱ्या दुकानदारासारखा तो आधी साधारण १४ केबीचा हप्ता पाठवतो. ‘पोहोचलं’ असा निरोप आला की दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. वाटेत एखादी पुडी हरवली की तो सावध होतो आणि हात आखडता घेतो. दादरच्या फायबरवर पुड्या क्वचित हरवतात, त्यामुळे उधारी भराभर वाढते. वाडीतल्या दुव्यावर त्या वारंवार हरवतात आणि प्रत्येक वेळी खातं पुन्हा खाली येतं. म्हणजे मुंबईकराला थोडासा वाटणारा दोष म्हसळ्यात दहापट होऊन भोगावा लागतो.

आता फोन. आजचं सर्वसाधारण पान दोन एमबीपेक्षा जड असतं आणि त्यात चित्रांबरोबरच संगणकीय आज्ञांचाही मोठा वाटा असतो. या आज्ञा नुसत्या उतरवून भागत नाही, फोनला त्या वाचून अमलात आणाव्या लागतात. महागडा फोन ते काम ज्या वेळात उरकतो, त्याच्या कितीतरी पट वेळ पाच-सहा वर्षं जुना, साठवण भरलेला स्वस्त फोन घेतो. नेट उत्तम असलं तरीही.

एक कमी माहीत असलेलं कारणही सांगायला हवं. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना इंटरनेटवर एकाच सामायिक पत्त्यावरून बाहेर काढतात, जसं चाळीतल्या सगळ्यांचं टपाल एका पेटीत यावं. ‘एका पत्त्यावरून अमुक इतक्याच मागण्या’ अशी मर्यादा ज्या संकेतस्थळाने घातली आहे, त्याला ही गर्दी यंत्रमानवाची वाटते. मग ते ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून चित्रांतले सिग्नल निवडायला लावतं, किंवा दारच बंद करतं. आत्याने काहीही केलेलं नसतं. ती फक्त मोठ्या चाळीत राहत असते.

शेवटी संकेतस्थळाची स्वतःची रचना. ज्यांच्याकडे पैसा आणि काळजी आहे, ते आपल्या पानाच्या प्रती गावोगावच्या गोदामांत ठेवतात, म्हणजे मुंबईच्या वाचकाला मुंबईतून आणि लंडनच्या वाचकाला लंडनमधून पान मिळतं. ज्यांचा एकच सर्व्हर आहे, त्यांचा अनुभव वाटेवर अवलंबून. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांत नेट मंदावलं. वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली. तेव्हाही ज्यांचं पान जवळच्या गोदामात होतं, त्यांना फारसं जाणवलं नाही.

इतकी कारणं असताना एकाच कोणावर दोष ठेवता येत नाही, हे खरं. पण म्हणून कोणीच जबाबदार नाही, असंही होत नाही. माझा आक्षेप एका ठरावीक सवयीवर आहे. ती सवय म्हणजे सरासरीवर विश्वास ठेवण्याची.

यूट्यूबमधल्या ख्रिस झकारायस या अभियंत्याने २०१२ मध्ये एक अनुभव लिहिला होता. व्हिडिओचं पान तेव्हा सुमारे १.२ एमबी वजनाचं झालं होतं. त्यांनी काटछाट करून ते १०० केबीच्या आत आणलं आणि काही वापरकर्त्यांना दिलं. आठवड्याने आकडे पाहिले तर सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढलेली! ते चक्रावले. मग आकडे प्रदेशानुसार वेगळे केले, तेव्हा उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरियाच्या दुर्गम भागांतून नवे लोक येऊ लागले होते. जुनं पान उघडायला त्यांना २० मिनिटं लागत असत, म्हणून ते येतच नसत. हलकं पान दोन मिनिटांत उघडत होतं. दोन मिनिटंही जास्तच, पण आता ते पाहू शकत होते. त्यांच्या येण्याने सरासरी बिघडली आणि सेवा मात्र सुधारली.

वैद्यकात काम करणाऱ्यांना ही चूक ओळखीची वाटेल. दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णांचीच गणती केली, तर जो वाटेतच दगावला तो आकडेवारीत येत नाही आणि दवाखान्याचा निकाल उत्तम दिसतो. संकेतस्थळाचंही तसंच. ज्याचं पान उघडलंच नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे ‘आमचं पान सरासरी तीन सेकंदांत उघडतं’ या वाक्याचा खरा अर्थ ‘ज्यांचं उघडतं, त्यांचं तीन सेकंदांत उघडतं’ एवढाच असतो.

याची मोठी किंमत आपण २०२१ मध्ये मोजली आहे. २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर लसनोंदणी खुली झाली. पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. या वयोगटासाठी सुरुवातीला दुसरा मार्गच नव्हता. थेट केंद्रावर जाऊन लस मिळत नव्हती. लसीच्या जागा काही मिनिटांत संपत. शहरातल्या जाणकारांनी मोकळी जागा दिसताच इशारा देणाऱ्या यंत्रणा तयार केल्या. शहरी तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरच्या जागा पटकावल्या आणि गावातले लोक दारात उभे राहिले, अशा बातम्या महाराष्ट्रातूनही आल्या. २४ मे रोजी केंद्र सरकारने सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा दिली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबलेलं धोरण सर्वांपर्यंत लस पोहोचवू शकणार नाही, असं स्पष्ट बजावलं. कोविन बंद पडलं नव्हतं. प्रचंड भार पेलणारी ती यंत्रणा होती. पण जिथे सेकंदांवर निकाल लागतो, तिथे प्रकाशाचा प्रवास, टॉवरची गर्दी आणि फोनचं वय यांचं रूपांतर थेट आरोग्याच्या विषमतेत होतं.

‘टॉवर वाढतील, फाइव्ह-जी येईल, फायबर गावागावात जाईल, मग हा प्रश्न आपोआप सुटेल,’ असं यावर म्हटलं जातं. टॉवर आणि फायबर हवेतच. पण ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं, आणि वाडीतली आत्या अजून खांबापाशीच उभी आहे. शिवाय रस्ता रुंद झाला की पानंही जड होतात, हा आजवरचा अनुभव. नेट सुधारेल म्हणून पान जड ठेवणं म्हणजे पुढे रस्ता होणार आहे म्हणून आज रुग्णवाहिकाच न पाठवणं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. खरं तर हलकं पान बनवायला जड पानापेक्षा जास्त पैसा लागत नाही. लागते ती अनावश्यक गोष्टींना नाही म्हणण्याची तयारी. रुग्णालयाच्या नोंदणीच्या पानावर उद्घाटनाची फिरती छायाचित्रं कशाला हवीत?

माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, आरोग्याशी संबंधित कोणत्याही सार्वजनिक संकेतस्थळाचं अर्जाचं पान काही शे केबीत बसलं पाहिजे आणि निविदेतच तशी अट हवी. दुसरी, अर्धा भरलेला अर्ज नेट तुटल्यावर पुसला जाता कामा नये, आणि ओटीपीची मुदत ठरवताना उशिरा पोहोचणाऱ्या संदेशाचा विचार व्हावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जिथे गोष्टी मोजक्या आहेत तिथे ‘जो आधी दाबेल त्याला’ ही पद्धत सोडावी. दिवसभर नोंदणी घेऊन संध्याकाळी गरजेनुसार किंवा सोडतीने नंबर दिले, तर दादरचे चार सेकंद आणि वाडीतली चार मिनिटं सारखीच ठरतात. यात कोणतंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. चौथी, फोनवर बोलून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही नंबर मिळावा.

पाचवी मागणी मोजमापाची. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे वेगळं परिमंडळ आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. म्हणजे म्हसळ्याची सरासरी पुण्याबरोबर काढली जाते. पुण्याच्या आकड्यात म्हसळा बुडून जातो. तालुकावार आकडे, आणि तेही पावसाळ्यातले, प्रसिद्ध झाले पाहिजेत. संकेतस्थळ बनवणाऱ्यांनीही चाचणी मुख्यालयातल्या वातानुकूलित खोलीत न करता स्वस्त फोन घेऊन तालुक्याच्या गावी करावी. फेसबुकने २०१५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना दर मंगळवारी तासभर टू-जीच्या गतीने आपलंच ॲप वापरून पाहण्याची सोय केली होती. आपल्या आरोग्य खात्याला म्हसळ्याचा एक मंगळवार करायला काय हरकत आहे?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. हक्क म्हटला की तो सरासरीने मिळून चालत नाही. प्रत्येकाला मिळावा लागतो.

वाचकांनीही एक करावं. ‘नेट चालत नाही’ एवढ्यावर तक्रार सोडू नये. वेळ, ठिकाण, कंपनी, फोन आणि कोणतं पान किती वेळ अडकलं, हे लिहून पाठवावं. त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या फोनवर उघडतंय का, वायफायवर उघडतंय का, दुसरं संकेतस्थळ उघडतंय का, एवढं पाहिलं तरी दोष टॉवरचा, फोनचा की पानाचा, याचा बराच अंदाज येतो. जे नोंदीत येत नाहीत, त्यांना नोंदीत आणण्याचा हा एकच मार्ग आहे.

आत्याची तपासणी त्या दिवशी झाली. डॉक्टरांनी औषध बदललं आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. निघताना खिडकीवरच्या मुलीने सवयीने सांगितलं, ‘पुढच्या वेळी ऑनलाइन नंबर घ्या हं आजी, म्हणजे इतक्या लांबून येऊन उभं राहावं लागणार नाही.’ आत्याने मान डोलावली आणि मला हळूच म्हणाली, ‘परत येताना पहाटेचीच गाडी बरी.’